‘एरर’च्या पुढचा आकडा

ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजी घ्या, डोंबिवलीत फडके रोडवर वडापाव खा किंवा कल्याणच्या बाजार समितीत कांदे-बटाटे घ्या. मोबाईलवरून पैसे दिले की दुकानातली छोटी पेटी मोठ्याने रक्कम सांगते. बहुतेक पेट्यांना त्यासाठी दुकानदाराचं वायफाय लागत नाही. त्यांच्या पोटात स्वतःचं सिम कार्ड असतं आणि दोन-अडीच सेंटिमीटरचा एक मोडेम असतो. असाच मोडेम कार्ड घासायच्या यंत्रात असतो, पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोलरमध्ये असतो, मोबाईल नेटवर्कवरून वाचन पाठवणाऱ्या वीजमीटरमध्ये असतो. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ‘एआयएस-१४०’ या मानकाप्रमाणे ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि आपत्कालीन बटण सक्तीचं झालं. त्या यंत्रातही तोच. अशा यंत्रांची संख्या इतकी वाढली की २०१८ च्या जुलैपासून दूरसंचार खात्याने त्यांच्या सिमसाठी १३ आकडी क्रमांकांची वेगळी मालिका सुरू केली. माणसांचे मोबाईल क्रमांक १० आकडीच राहिले.

या मोडेमशी यंत्रातला मुख्य प्रोसेसर बोलतो तो साध्या मजकुराच्या ओळींनी. एक ओळ पाठवायची, उत्तराच्या ओळी वाचायच्या. पाठवायच्या प्रत्येक ओळीची सुरुवात ‘एटी’ या दोन अक्षरांनी होते, म्हणून यांना एटी कमांड म्हणतात. इथे त्या देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना तीच अक्षरं आणि तेच आकडे रोमन लिपीत टाइप करायचे. वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांत, डोंबिवली एमआयडीसीत, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रोजेक्ट लॅबमध्ये मोडेम वापरणारं यंत्र जुळवायचं म्हटलं की काम या ओळींपासूनच सुरू होतं. आणि उत्तरात ‘एरर’ आला की बहुतेकांचा हात थेट पॉवरच्या वायरकडे जातो. बंद करून चालू करून बघू!

मला लिहायचं आहे ते या सवयीबद्दल. मोडेम नुसतं ‘नाही’ म्हणून थांबत नाही. विचारलं तर का नाही तेही सांगतो. ते कारण ऐकायचं कसं आणि ऐकल्यावर थांबायचं, पुन्हा विचारायचं की माणसाला बोलवायचं हे ठरवायचं कसं, यावर यंत्र वर्षभर मुकाट काम करणार की दर आठवड्याला त्याच्यासाठी माणूस धाडावा लागणार हे अवलंबून असतं.

या भाषेचा जन्म १९८१ चा. अमेरिकेत अटलांटाजवळ डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन या दोघांनी ‘स्मार्टमोडेम’ बाजारात आणला. वेग सेकंदाला फक्त ३०० बिट. पण त्याआधी अनेक मोडेमना माणसाने हाताने नंबर फिरवून फोन जोडून द्यावा लागे. हा मोडेम कॉम्प्युटरने सांगितलेला नंबर स्वतः लावत असे. अडचण एकच होती. कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधली तार एकच, तिच्यावरूनच आदेश जाणार आणि तिच्यावरूनच माहिती. मग मोडेमला कळावं कसं की आता आलेली अक्षरं पलीकडे पाठवायची आहेत की स्वतः पाळायची आहेत? तोडगा असा निघाला: एक सेकंद शांतता, मग लागोपाठ तीन अधिक चिन्हं, मग पुन्हा एक सेकंद शांतता. एवढं झालं की मोडेम माहितीची वाहतूक बाजूला ठेवून आदेश ऐकायला लागतो. आजच्या ४जी मोडेममध्येही ही खूण चालते.

‘एटी’ हीच दोन अक्षरं का, यामागे सुंदर कारण आहे. तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या आधी एक शून्य बिट जातो, त्याला स्टार्ट बिट म्हणतात. रोमन ‘ए’ या अक्षराचा सर्वांत आधी जाणारा बिट नेमका एक असतो. म्हणजे तारेवर आधी शून्य, लगेच एक. त्या एकट्या शून्याची लांबी मोजली की समोरचा किती वेगाने बोलतोय ते मोडेमला कळतं. पाठोपाठच्या ‘टी’वरून पॅरिटीची, म्हणजे चूक तपासणाऱ्या जादा बिटाची, पद्धत समजते. वेग ओळखण्याचं काम मोडेम असं स्वतःच करतो, म्हणूनच चालू केल्यावर पहिल्या एक-दोन ‘एटी’ना कधीकधी उत्तर येत नाही. तो बिघाड नव्हे. अर्ध्या-एक सेकंदाच्या अंतराने पाच-सात वेळा ‘एटी’ पाठवावं, ‘ओके’ आलं की पुढे जावं.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि ही भाषा आपल्याकडे घराघरांत आली. टोनवर नंबर लावायचा तर ‘एटीडीटी’, जुन्या पल्स एक्स्चेंजवर ‘एटीडीपी’. ‘नो डायलटोन’, ‘बिझी’, ‘नो कॅरियर’ ही उत्तरं तेव्हा डायल-अप वापरणाऱ्या प्रत्येकाला पाठ होती. मोबाईल आले तेव्हा युरोपातल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने नवी भाषा घडवली नाही. जुन्याच भाषेत ‘+सी’ने सुरू होणारे मोबाईलचे आदेश घातले. आज ही मानकं ३जीपीपी ही संस्था सांभाळते: २७.००७ मध्ये मोबाईलचे सर्वसाधारण आदेश, २७.००५ मध्ये एसएमएसचे. मॉड्यूल, म्हणजे यंत्रात बसवायचा तयार मोडेम, चीनमध्ये बनलेला असो वा युरोपात, गाभ्याचे आदेश तेच. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कोणताही मॉड्यूल टेबलावर ठेवा, संवाद साधारण असाच सुरू होईल:

एटी
ओके
एटीई०
ओके
एटी+सीएमईई=२
ओके
एटी+सीपिन?
+सीपिन: रेडी
ओके
एटी+सीएसक्यू
+सीएसक्यू: १४,९९
ओके
एटी+सीआरईजी?
+सीआरईजी: ०,२
ओके

‘एटीई०’ म्हणजे मी पाठवलेलं मलाच परत ऐकवू नकोस. माणूस टाइप करत असेल तर प्रतिध्वनी सोयीचा, पण प्रोसेसर स्वतःचाच आदेश उत्तर समजून बसतो. ‘सीपिन’ सिमची अवस्था विचारतो. ‘सीएसक्यू’ रेंज सांगतो: ० ते ३१ मधला आकडा, ९९ म्हणजे माहीत नाही. आकड्याची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मिळते; १४ म्हणजे उणे ८५, चांगली कामचलाऊ रेंज. घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या दुसऱ्या बेसमेंटमधल्या पंपरूममध्ये हाच आकडा ५-६ वर येतो, तिथे अँटेना वायरने वर काढल्यावाचून इलाज नाही. पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरल्यावर डब्यातल्या मोडेमला तो ९९ दिसला तर त्यात बिघडलेलं काही नाही. बोगद्याबाहेर गाडी आली की तो आपोआप भरून येतो. ‘सीआरईजी’ नेटवर्कवर नोंदणी झाली का ते सांगतो; त्याच्या उत्तरातला २ म्हणजे मोडेम अजून नेटवर्क शोधतोय.

यातली सगळ्यात मोलाची ओळ आहे ‘एटी+सीएमईई=२’. ही ओळ दिली नाही तर बहुतेक मोडेम चुकीला फक्त ‘एरर’ एवढंच म्हणतात. सीएमईई=१ दिलं की पुढे आकडा येतो, २ दिलं की आकड्याऐवजी इंग्रजीत कारण येतं. टेबलावर माणूस बसलेला असताना २ बरा, शेतात किंवा गच्चीवर एकट्या यंत्रासाठी १ बरा, कारण प्रोसेसरला आकडा ओळखणं सोपं जातं. काही चुका, विशेषतः स्पेलिंग चुकलेला किंवा मॉड्यूलला ठाऊकच नसलेला आदेश, यानंतरही नुसत्या ‘एरर’नेच परत येतात. तेव्हा समजावं की चूक नेटवर्कची नाही, आपल्या ओळीची आहे.

आता आकडे. ‘+सीएमई एरर: १०’ म्हणजे सिम बसवलेलंच नाही किंवा लागत नाही. १४ म्हणजे सिम अजून तयार नाही, जरा थांबा. ३० म्हणजे नेटवर्क सेवा नाही. ५० म्हणजे आदेशातला एखादा आकडा चुकीचा. ४ म्हणजे हा मॉड्यूल हे काम करतच नाही. हे पाचही ‘एरर’च आहेत, पण पाचांवरचा उपाय एक नाही. १४ आला तर दोन-तीन सेकंदांनी तोच आदेश पुन्हा द्यावा, काम होतं. ३० आला तर मिनिटांच्या हिशेबात थांबावं. १० आला तर हजार वेळा विचारूनही सिम आपोआप आत जाणार नाही. लाल दिवा लावावा, माणसाला कळवावं. आणि ५० किंवा ४ आला तर दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा; यंत्र विकण्याआधीच तो टेबलावर सापडायला हवा होता.

सगळ्यांत जपून वागावं लागतं ते ११, १२ आणि १६ या आकड्यांशी. ११ म्हणजे सिमला पिन हवा. १६ म्हणजे दिलेला पिन चूक. तीन वेळा चुकीचा पिन गेला की सिम कुलूपबंद होतं आणि १२ येतो, म्हणजे कुलूप उघडणारा पीयूके क्रमांक हवा. पीयूके दहा वेळा चुकला की ते सिम कायमचं गेलं. आता असा प्रोग्रॅम डोळ्यांपुढे आणा, जो चालू होताच न विचारता पिन पाठवतो आणि ‘एरर’ आला की स्वतःला रीस्टार्ट करतो. कोणीतरी सिम बदललं, नव्या सिमचा पिन वेगळा आहे. हे यंत्र एका मिनिटात तीन वेळा उठेल, तिन्ही वेळा जुना पिन देईल आणि सिम बंद करून टाकेल. त्यापुढेही ते रीस्टार्ट होतच राहील. म्हणून नियम असा ठेवावा: आधी ‘एटी+सीपिन?’ विचारायचं, उत्तर ‘सिम पिन’ असेल तरच पिन द्यायचा आणि तोही एकदाच. १६ आला तर ती गोष्ट कायमस्वरूपी मेमरीत लिहून ठेवायची, म्हणजे वीज जाऊन आली तरी यंत्र पुन्हा तोच प्रयत्न करणार नाही.

नोंदणीच्या आकड्यांत ठाणे-कल्याणकरांसाठी खास एक मुद्दा आहे. ‘सीआरईजी’च्या उत्तरातला दुसरा आकडा १ असेल तर मोडेम स्वतःच्या नेटवर्कवर नोंदला गेला, ५ असेल तर रोमिंगवर नोंदला गेला, ३ असेल तर नेटवर्कने नकार दिला. दूरसंचार परवान्यांत मुंबई हे स्वतंत्र सेवा क्षेत्र आहे आणि त्यात मुंबई, नवी मुंबई व कल्याणच्या एक्स्चेंजांचा भाग येतो. लँडलाइनला ठाण्याचा कोड ०२२ आणि कल्याण-डोंबिवलीचा ०२५१ असला तरी मोबाईलच्या हिशेबात दोन्ही शहरं ‘मुंबई’तच. उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्या क्षेत्रात. कंपनी एकच असली तरी दोन्ही क्षेत्रांतल्या नेटवर्कचे क्रमांक वेगळे: एअरटेलचा मुंबईतला ४०४-९२, महाराष्ट्रातला ४०४-९०. आता कल्याणमध्ये जुळवलेला ट्रॅकर टेम्पोत बसवला आणि टेम्पो नाशिकच्या वाटेला लागला. शहापूर, कसारा करत तो या हद्दीपलीकडे गेला की १ च्या जागी ५ येऊ शकतो. ज्याने प्रोग्रॅममध्ये ‘१ आला तरच पुढे जा’ असं लिहिलंय त्याचा ट्रॅकर घाटात गप्प बसतो, आणि टेम्पो परत कल्याणात आला की पुन्हा बोलायला लागतो. मालक म्हणतो घाटात रेंज नसते. रेंज असते, यंत्राला ५ हे उत्तरही ‘हो’ आहे हे कोणी शिकवलेलं नसतं. १ आणि ५ दोन्ही स्वीकारा, एवढ्या एका ओळीने हा दोष जातो.

३ चा किस्सा निराळा आहे. रिचार्ज संपून सिम बंद पडलं, नेटवर्कने नोंदणी नाकारली, तर त्या नेटवर्कचा क्रमांक सिममधल्या ‘निषिद्ध नेटवर्क’ यादीत लिहिला जाऊ शकतो. मग रिचार्ज करून सिम सुरू झालं तरी मोडेम आपणहून त्या नेटवर्ककडे फिरकत नाही. तेच सिम फोनमध्ये घालून हाताने नेटवर्क निवडलं की चालतं, म्हणून लोक मॉड्यूल जळाला असं समजून फेकून देतात. ‘एटी+सीओपीएस’ या आदेशाने ठरावीक नेटवर्क क्रमांक देऊन हाताने निवड केली की अडथळा दूर होतो. मात्र याच आदेशाला आजूबाजूची सगळी नेटवर्क विचारली तर उत्तराला मिनिट-दोन मिनिटंही लागतात. दहा सेकंदांत उत्तर नाही म्हणून मोडेम हँग झाला असं ठरवणं चूक. प्रत्येक आदेशाला किती वेळ द्यायचा हे मॉड्यूलच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते पान वाचायलाच हवं.

वेळेवरून आठवलं: एका आदेशाचं शेवटचं उत्तर, म्हणजे ‘ओके’ किंवा ‘एरर’, येईपर्यंत दुसरा आदेश पाठवायचा नाही. सरकारी खिडकीवर पहिला अर्ज तपासत असताना दुसरा पुढे सरकवला तर पहिलाही परत येतो, तसंच इथे होतं. मधेच आलेल्या अक्षराने चालू काम रद्द होऊ शकतं. दुसरीकडे मोडेम मात्र मधेच बोलू शकतो. एसएमएस आला तर ‘+सीएमटीआय’, फोन आला तर ‘रिंग’, नेटवर्क बदललं तर ‘+सीआरईजी’, अशा ओळी तो न विचारता पाठवतो. तुम्ही रेंज विचारली आणि उत्तराच्या आधी ‘रिंग’ आली तर ती रेंजचं उत्तर नव्हे. नवशिक्यांचे प्रोग्रॅम इथे फार चुकतात. दर ओळ आधी ओळखायची: ही न मागता आलेली आहे, की माहितीची आहे, की शेवटची आहे? मगच तिचा अर्थ लावायचा.

रेंज भरपूर, नोंदणी १, तरी माहिती जात नाही, हे दृश्य डोंबिवली स्टेशनवर सकाळच्या गर्दीच्या वेळी दिसतं. फलाटावरच्या हजारो फोनांमध्ये टॉवरची क्षमता वाटली जाते. ‘सीएसक्यू’ २५ दाखवतो तो टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतो एवढंच सांगतो. टॉवरला तुमच्याकडे लक्ष द्यायला सवड आहे की नाही ते त्यातून कळत नाही. ४जीवर ‘एटी+सीईएसक्यू’ थोडं अधिक सांगतो, कारण त्यात सिग्नलच्या ताकदीबरोबर त्याची गुणवत्ताही येते. अशा वेळी मोडेम रीस्टार्ट करणं सर्वांत वाईट. रीस्टार्ट झालेला मोडेम पुन्हा नोंदणी मागतो, म्हणजे गर्दीत आणखी एक जण रांगेत उभा राहतो. एखाद्या फीडरची वीज दुरुस्तीसाठी बंद करून दुपारी परत दिली की त्या भागातली शेकडो यंत्रं एकाच क्षणी जागी होतात आणि एकाच क्षणी टॉवरवर धडकतात. मोबाईल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए हिने अशा यंत्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांचा गाभा असा की प्रत्येक अपयशानंतर थांबायचा वेळ वाढवत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. आधी १० सेकंद, मग २०, मग ४०, आणि प्रत्येक वेळी काही सेकंद इकडे-तिकडे. पेट्यांच्या, मीटरांच्या आणि ट्रॅकरांच्या या दाट वस्तीत तर हा शिष्टाचार हवाच.

काही वेळा एररही येत नाही, उत्तरच येत नाही. एसएमएस पाठवायचा आदेश दिला, शांतता, आणि मग अचानक ‘आरडीवाय’, ‘कॉल रेडी’ अशा ओळी उमटल्या. या ओळी अनेक मॉड्यूल नुकतेच चालू झाल्यावर देतात. म्हणजे मधल्या काळात मोडेम बंद पडून पुन्हा उठला. कारण जवळपास नेहमी वीजपुरवठा. २जी मोडेम सलग प्रक्षेपण करत नाही, ४.६१५ मिलिसेकंदांच्या चौकटीत ०.५७७ मिलिसेकंदाची एक उसळी घेतो आणि त्या उसळीत २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो. रेडिओजवळ फोन ठेवल्यावर एसएमएस यायच्या आधी जी टर्रटर्र ऐकू येते ती याच उसळ्यांची, सेकंदाला सुमारे २१७. यूएसबीच्या बारीक वायरवर चालवलेल्या मॉड्यूलचं व्होल्टेज त्या क्षणी कोसळतं. मॉड्यूलच्या अगदी जवळ मोठा कपॅसिटर आणि आखूड, जाड वायर, हा त्याचा उपाय. आणि प्रोग्रॅममध्ये? ‘आरडीवाय’ दिसला की मोडेमला आधी दिलेलं सगळं तो विसरला असं धरून ‘एटीई०’ आणि ‘सीएमईई’पासून पुन्हा सुरुवात.

एसएमएसचे एरर वेगळे, ‘+सीएमएस एरर’ या नावाने येतात. ३०४ किंवा ३०५ म्हणजे पाठवण्याच्या पद्धतीतला तपशील चुकला, ३३० म्हणजे एसएमएस केंद्राचा पत्ता माहीत नाही, ३२२ म्हणजे साठवणीची जागा भरली. हा शेवटचा आपल्याकडे फार त्रास देतो. यंत्रातल्या सिमवर कंपन्यांचे जाहिरातीचे संदेश येत राहतात, ते वाचायला आणि पुसायला कोणी नसतं. सिममध्ये मोजक्याच संदेशांची जागा असते. ती भरली की ‘पंप बंद कर’ हा तुमचा संदेश आत शिरत नाही. दररोज एकदा ‘एटी+सीएमजीडी=१,४’ देऊन सगळे संदेश पुसायची सोय यंत्रात असावी.

मराठीत संदेश पाठवायचा असेल तर आणखी थोडं काम आहे, आणि ते करावं असं मला मनापासून वाटतं. सोसायटीचा वॉचमन, गच्चीवर टाकी बघणारे काका, शेतावरचे मामा यांच्या फोनवर ‘टाकी भरली’ हे मराठीतच यावं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षरं ७ बिटांची म्हणून १६०, देवनागरी १६ बिटांची म्हणून ७०. ‘एटी+सीएससीएस’ने अक्षरसंच यूसीएस२ ठरवायचा, ‘एटी+सीएसएमपी=१७,१६७,०,८’ द्यायचं आणि मजकूर युनिकोडच्या आकड्यांत पाठवायचा. ‘ठाणे’ हा शब्द असा जातो: ०९२० ०९३ई ०९२३ ०९४७. ठ, काना, ण, मात्रा, असे चार भाग. काना-मात्राही एकेक जागा खातात, म्हणून ७० च्या हिशेबात त्या धरायच्या. आणि अनेक मॉड्यूलमध्ये या अवस्थेत फोन नंबरसुद्धा त्याच आकडेरूपात द्यावा लागतो. नंबर नेहमीसारखा दिला तर एरर येतो आणि माणूस मराठी मजकुरात दोष शोधत बसतो.

उत्तराची किंमत काय असते हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना आधीच कळलंय. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे मोबाईलवरून शेतपंप चालवायचं यंत्र बनवलं. पंप चालू करता येणं हा त्यातला निम्मा भाग. शेतावर वीज आहे की नाही ते घरबसल्या कळणं हा दुसरा, आणि रात्री वाटेला लागण्याआधी शेतकऱ्याला तेच हवं असतं.

मॉड्यूल विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. सिम८००, सिम९०० हे स्वस्त आणि लोकप्रिय मॉड्यूल फक्त २जीवर चालतात. जिओचं नेटवर्क २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हापासून त्यात २जी नाहीच. म्हणून अशा मॉड्यूलमध्ये जिओचं सिम घातलं तर ‘सीपिन’ रेडी सांगेल, ‘सीआरईजी’ मात्र १ किंवा ५ वर कधीच येणार नाही. सिम चांगलं, मॉड्यूल चांगला, वायरिंग बरोबर, तरी नोंदणी नाही. प्रोजेक्ट सादर करायच्या आदल्या आठवड्यात यात अडकलेली मुलं पाहून वाईट वाटतं. नवीन काम ४जी मॉड्यूलवरच करा, आणि तिथे ‘सीआरईजी’बरोबर ‘सीईआरईजी’ही विचारा, कारण ४जीची नोंदणी तोच सांगतो.

यंत्रं बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे: शेवटचा एरर, त्याचा आकडा आणि वेळ यंत्रात साठवा आणि छोट्या पडद्यावर किंवा एसएमएसने तो दाखवा. टाकीचा कंट्रोलर घेणाऱ्या सोसायटीच्या कमिटीनेही पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर एवढंच करावं. चालू यंत्राचं सिम काढायला सांगावं आणि दोन मिनिटं थांबावं. पडद्यावर ‘सिम नाही’ असं आलं तर यंत्र घ्या. नुसता दिवा लुकलुकत राहिला तर दुसरं बघा.